काठ किती आहेत?

शाळेतून आलेली चिठ्ठी मी आधी पडवीत उभी राहून वाचली, मग आत जाऊन वाचली, मग शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेतली. लेक चौथीत आहे. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं होतं. डोळे बरे, कान बरे, एक दात किडलेला, वजन २३ किलो. त्याखाली एकच ओळ होती : हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्या मुलाने कागद परत देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

ती पहिल्यापासून बारीकच. पावसाळा लागला की खोकला, तो दिवाळीपर्यंत. तीन वर्षं आम्ही एकाच दवाखान्यात नेत होतो आणि तिथे दर वेळी छातीत कफ आहे म्हणून एक बाटली मिळायची. छातीला नळी लावून नीट ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, हे मला आता कळतंय. धावताना ती मध्येच खाली बसायची. मी म्हणायची, आळशी आहेस. हा शब्द मला अजून टोचतो.

पहिला टू-डी इको एका खासगी ठिकाणी झाला. काळ्या पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं आणि मधेच लाल रंग उसळून पलीकडे जात होता. तो लाल रंग म्हणजे भोकातून जाणारं रक्त, हे तिथे कुणी सांगितलं नाही. हातात कागद आला : ‘ओएस-एएसडी, १६ मिमी, उजवी बाजू मोठी झालेली.’ हृदयाला भोक आहे, मांडीच्या शिरेतून तार नेऊन छत्री बसवावी लागेल, बांबोळीला जा. एवढं बोलून पुढच्याला हाक.

मी घरी शिवण करते. त्या रात्री टेप काढून १६ मिलिमीटर मोजले. शाळेच्या पिनाफोरला जे बटण लावते, बरोबर तेवढं. मग झोपलेल्या लेकीची मूठ मोजली, कारण माणसाचं हृदय त्याच्या मुठीएवढं असतं असं शाळेत शिकले होते. एवढीशी मूठ आणि त्यात पिनाफोरच्या बटणाएवढं भोक. रात्रभर मी ते बटण हातात धरून बसले होते.

सासूबाईंनी गावच्या देवळात कौल लावला. कौल उजवा झाला. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, ‘‘देवानं हो म्हटलंय. आता तू मागं राहू नको.’’ पोटुशी असताना मी ग्रहणात काही केलं का, असं गावात दोघी-तिघींनी विचारलं होतं. सासूबाईंनी तो प्रश्न घरात कुणाला काढू दिला नाही. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून बांबोळी. सकाळची पहिली बस, कोलवाळच्या पुलावर अजून धुकं. पिशवीत जन्मदाखला, दीनदयाळ योजनेचं कार्ड, इकोचा कागद आणि डब्यात पेज. आपल्याकडे नुसतं ‘बांबोळी’ म्हटलं तरी लोक काय झालं म्हणून विचारतात, एवढं ते इस्पितळ आपल्या बोलण्यात बसलंय. १८४२ साली पोर्तुगिजांच्या काळात पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा आजचा विस्तार.

बाकावर शेजारी एक बाई होती, डिचोली तालुक्यातली, म्हणजे माझ्या माहेरच्या वाटेवरची. तिचा मुलगा सात वर्षांचा. त्यालाही हृदयाला भोक. आम्ही कागद एकमेकींना दाखवले, कारण वाचता दोघींनाही येत होतं पण समजत कुणालाच नव्हतं. त्याचं भोक १२ मिलिमीटर, माझ्या लेकीचं १६. आणि तिला सांगितलं होतं की छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, तारेने होणार नाही.

मला वाटलं कागदांची अदलाबदल झाली असणार. मोठ्या भोकाला मांडीतून तार आणि छत्री, लहान भोकाला छाती उघडायची, हे कुठल्या हिशेबात बसतं? ती बाई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, ‘‘तुमची आत कुणाशी ओळख आहे का?’’

माझी कुणाशीही ओळख नव्हती. पण तिच्या मनात हे यावं, आणि तिला हे विचारावंसं वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं. आमचा नंबर आला तेव्हा लेकीचं राहिलं बाजूला, मी आधी तोच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला.

डॉक्टर घाईत होत्या, बाहेर रांग होती. तरी त्यांनी कागद उलटा केला आणि पेनाने चित्र काढायला घेतलं. त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते मी जमेल तसं इथे लिहिते आहे, कारण पेडण्या-डिचोलीतून तिथे जाणाऱ्या आणखी आया असतील.

हृदयात वर दोन कप्पे, खाली दोन. वरच्या दोन कप्प्यांच्या मधे पडदा असतो. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं चालत नाहीत, ऑक्सिजन वारेतून येतो. ते रक्त उजव्या कप्प्यातून थेट डाव्यात जायला हवं, म्हणून त्या पडद्यात निसर्गच एक झडप ठेवतो. जन्मल्यावर बाळ रडतं, फुप्फुसं फुलतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि झडप दाबून बंद होते. माझ्या लेकीच्या बाबतीत ती झडप ज्या पातळ पडद्याची व्हायची, तो पडदाच अपुरा वाढला. म्हणजे दार उघडं राहिलं असं नव्हे, फळीच कमी पडली. मी ग्रहणात भाजी चिरली की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हे डॉक्टरांनी मी न विचारताच सांगितलं. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

डाव्या कप्प्यातलं शुद्ध रक्त त्या वाटेने पुन्हा उजवीकडे येतं आणि फुप्फुसांत दुसऱ्यांदा जातं. फुप्फुसांवर नेहमीच जादा रक्ताचा भार, म्हणून तो खोकला. उजवी बाजू ताणून मोठी होते. लहानपणी हे फारसं जाणवत नाही. पुष्कळांना तिशी-चाळिशीत दम लागू लागतो, ठोके अनियमित होतात. फार उशीर झाला तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कडक होतात, प्रवाह उलटा फिरतो आणि मग भोक बुजवणंच धोक्याचं ठरतं. मुलींमध्ये हे भोक मुलांच्या दुप्पट आढळतं. आपल्याकडे बायका दम लागतो म्हणून कधी सांगतच नाहीत, हे मी माझ्या मनात जोडलं.

मग त्या मूळ प्रश्नावर आल्या. ‘‘भोक केवढं, हे सगळे विचारतात. भोक कुठे आहे आणि त्याच्या भोवती काठ किती आहेत, हे कुणी विचारत नाही.’’

पडदा म्हणजे नुसती साधी भिंत नाही. त्याच्या मधोमध एक खोलगट भाग असतो, तीच जुन्या झडपेची जागा. भोक तिथे असेल तर बहुतेक बाजूंना मांस उरतं. दर चारात तीन तरी भोकं अशीच असतात. छत्रीला दोन चकत्या असतात, एक डावीकडे उघडते, एक उजवीकडे, आणि मधली कंबर भोकात बसते. चकत्यांनी धरायचं ते काठांना. पण भोक खाली, वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपांना लागून असेल तर खालचा काठच नसतो, आणि त्यासोबत झडपही बहुधा चिरलेली असते. तिथे छत्री कशाला धरणार? डिचोलीच्या मुलाचं भोक वर होतं, डोक्याकडून रक्त आणणारी मोठी शीर जिथे उतरते तिथे. वरच्या बाजूला काठ नाही. शिवाय उजव्या फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणारी एक शीर डावीकडे जायची सोडून त्या मोठ्या शिरेत उघडलेली. छत्री लावली तर ती शीर तुंबेल किंवा छत्री सुटेल, आणि चुकीच्या जागी येणारं रक्त येतच राहील. शस्त्रक्रियेत डॉक्टर आतून ठिगळ असं लावतात की भोकही बुजतं आणि त्या शिरेचं रक्तही डावीकडे वळतं. मोठ्या माणसांत निवडक ठिकाणी आता आवरण घातलेली नळी बसवून हेही तारेने करतात, पण सात वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियाच योग्य.

मी बाहेर येऊन त्या बाईला ते चित्र दाखवलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं. तिने कागदावर बोट ठेवून विचारलं, ‘‘म्हणजे ह्या बाजूला मातीच नाही?’’ माती म्हणाली ती. डिचोलीच्या बाजूची माणसं आम्ही.

गणेश चवथीनंतर माहेरी डिचोलीला गेले. माझे बाबा कुंभार. आता गुडघे दुखतात, तरी चाक सोडलेलं नाही. मी चित्र दाखवल्यावर ते काही बोलले नाहीत. उठून एक कच्चं मडकं घेऊन आले आणि पोटाला अंगठा घालून भोक पाडलं. मग ओल्या मातीचे दोन गोळे घेतले, एक आत हात घालून लावला, एक बाहेरून, आणि दोन्ही हातांनी दाबून धरले. भोक गेलं. नंतर त्यांनी मडक्याच्या तोंडाशी, अगदी काठालाच, चिमटीने तुकडा मोडला. ‘‘आता ह्याला आतून काय आणि बाहेरून काय लावू? धरायला हवं ना काही. हे चाकावर पुन्हा घ्यावं लागतं,’’ म्हणाले. दुसरं भोक पहिल्याच्या निम्मंही नव्हतं.

त्या दिवसापासून मला भीती वाटली तरी गोंधळ राहिला नाही. पुढे नवी अडचण आली ती काठांचीच.

छातीवरून केलेल्या इकोत सगळे काठ नीट दिसत नाहीत. म्हणून घशातून नळी घालून इको करतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते, तिथून पडदा जवळून दिसतो. मुलांना त्यासाठी भूल देतात. त्या इकोचा कागद आला तेव्हा त्यावर आकडेच आकडे होते आणि या वेळी मी ते वाचू शकले. मागचा काठ ९, खालच्या मोठ्या शिरेकडचा ८, वरच्या शिरेकडचा १२, झडपेकडचा १०. पाच मिलिमीटर किंवा जास्त असला तर काठ पुरेसा धरतात. पाचव्या ओळीत लिहिलं होतं : महाधमनीकडचा काठ, जवळजवळ नाही.

माझे पाय गळाले. मडक्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

डॉक्टरांनी बसवून सांगितलं की सगळे काठ सारख्या मोलाचे नसतात. खालच्या शिरेकडचा काठ नसता तर त्यांनी छत्रीचा विचार सोडला असता, कारण तिथून छत्री सुटून वाहून जाते. महाधमनीकडचा काठ मात्र कमी असणं नेहमीचंच आहे. तिथे पडद्याच्या पलीकडे महाधमनीची जाड नळी असते. छत्रीच्या चकत्या तिच्या दोन्ही अंगांना पसरून, तिला कवेत घेतल्यासारख्या बसतात. जोखीम एवढीच, की चकतीची कड त्या नळीवर किंवा कप्प्याच्या छतावर घासत राहिली तर पुढे कधीतरी भिंत झिजू शकते. असं क्वचितच होतं, हजारात एक ते तीन जणांना, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून गरजेपेक्षा मोठी छत्री घालायची नाही. फुगा फुगवून भोक मोजायचं, तेही भोकातलं रक्त थांबेल एवढंच फुगवायचं, ताणायचं नाही. आणखी एक माप : पडद्याची पूर्ण लांबी ४० मिलिमीटर. १८ क्रमांकाच्या छत्रीची कंबर १८ असते, पण डावी चकती ३२ आणि उजवी २८. ती पडद्यात मावायला हवी, नाहीतर झडपेवर टेकेल.

ब्लाउजचं माप घेताना मी छातीबरोबर मुंढा आणि गळा का घेते, ते मला कुणी विचारलं तर मी असंच सांगितलं असतं.

‘‘खोटे दागिने घालून हिच्या कानाला खाज येते का?’’ असाही एक प्रश्न होता. मी चक्रावले. छत्री ज्या तारेची विणलेली असते ती निकेल आणि टायटॅनियम यांची. निकेल सोसत नसेल तर आधी कळायला हवं. या तारेचा गुण असा, की ओढून बारीक नळीत घातली तरी बाहेर येताच ती आपला मूळ आकार धरते. म्हणूनच ३२ मिलिमीटरची चकती मांडीच्या शिरेतून जाऊ शकते. ही विणीची छत्री कुर्ट अ‍ॅम्प्लाट्झ या अमेरिकेत राहिलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात आणली. त्याआधी १९७५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये किंग आणि मिल्स यांनी पहिल्यांदा तारेने असं भोक बुजवलं, तेही एका १७ वर्षांच्या मुलीचं. आणि हृदय-फुप्फुस यंत्र लावून जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली ती याच भोकाची : ६ मे १९५३, फिलाडेल्फिया, डॉक्टर जॉन गिबन, मुलगी १८ वर्षांची. हे मला भाच्याने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. त्याने आणखी एक दाखवलं, ते मला सगळ्यात जवळचं वाटलं. बोलिव्हिया देशात फ्रान्झ फ्रॉइडेंथाल नावाचे डॉक्टर आहेत. हृदयाजवळची दुसऱ्या प्रकारची वाट बुजवायची साधनं ते आयमारा बायकांकडून हाताने विणून घेतात, कारण लोकर विणण्यात त्या बायकांचा हात बसलेला आहे. एका अखंड तारेतून त्या ते विणतात. मी तो व्हिडिओ बंद करून माझी शिलाई मशीन पाहत बसले.

पेडण्याची पुनव झाली आणि चार दिवसांनी आम्ही भरती झालो. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. सकाळी तिला ढकलगाडीवर घेतलं तेव्हा तिने विचारलं, ‘‘आई, मोप्याच्या विमानतळावर मशीन वाजेल का?’’ आमच्या घरावरून विमानं जायला लागल्यापासून तिला एकदा विमानात बसायचं आहे. बाजूच्या सिस्टर म्हणाल्या, नाही वाजत. ती हसत आत गेली.

दीड तास लागला. आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर पडद्यावर दाखवत सांगितलं. उजव्या मांडीच्या शिरेतून तार हृदयात नेली, भोकातून पलीकडे डाव्या फुप्फुसाच्या शिरेत टेकवली, तिच्यावरून नळी नेली. डावी चकती उघडली, पडद्याकडे ओढली, आणि ज्या बाजूला काठ नव्हता त्याच बाजूने तिची कड घसरून उजव्या कप्प्यात आली. ती पुन्हा नळीत ओढून घेतली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी नळीचं तोंड उजव्या फुप्फुसाच्या शिरेत नेलं आणि चकती तिथून उघडली, म्हणजे ती पडद्याला काटकोनात न येता समांतर आली. या वेळी ती बसली. उजवी चकती उघडली. मग तार पुढेमागे हलवून पाहिली. छत्री जागची हलली नाही. झडपा मोकळ्या, शिरा मोकळ्या, महाधमनी दोन चकत्यांच्या मधे नीट. एवढं बघूनच त्यांनी तारेचा आटा उलटा फिरवला. तोपर्यंत ती परत काढता येत होती, त्यानंतर नाही. डॉक्टर म्हणाल्या, त्या एका फिरकीआधी आम्ही सगळे एकदा थांबतो.

तिच्या मांडीवर टाचणीच्या टोकाहून थोडी मोठी खूण राहिली. सहा तास पाय सरळ ठेवायचा होता, तेवढ्यात तिने तीन वेळा भूक लागली म्हणून सांगितलं. पेज नको, पाव-भाजी हवी म्हणाली.

आता सहा महिने रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी, म्हणजे छत्रीवर रक्ताची गुठळी धरणार नाही. या महिन्यांत तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढतं. दाताचं काम काढायचं तर आधी अँटिबायोटिक, किडलेल्या दातासाठी मी ते विचारून ठेवलं आहे. पहिला काही काळ उड्या, मारामारी, कबड्डी बंद. आणि छातीत दुखलं, धाप लागली, भोवळ आली, तर सर्दी-पित्त म्हणून घरी बसायचं नाही, रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठायचं. काठ कमी असलेल्यांनी तर हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवायचं. महिन्याच्या इकोत उजवा कप्पा आकसायला लागलेला दिसला. लाल रंग पलीकडे उसळत नव्हता.

डिचोलीच्या त्या मुलाची शस्त्रक्रिया डिसेंबरमध्ये झाली. मी भेटायला गेले. छातीवर सरळ टाका होता आणि तो खाटेवर बसून चित्रं रंगवत होता. त्याच्या आईने माझा हात धरला. ओळखीचा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही, मीही नाही. दोन्ही मुलांना जे हवं होतं तेच मिळालं आहे, हे आम्हाला दोघींना आता माहीत होतं.

शाळांतली ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून होते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची. तुमच्या घरी अशी चिठ्ठी आली तर ती देवाच्या फोटोमागे ठेवू नका, मुलगी आहे म्हणून तर मुळीच नाही. इको करून घ्या. आणि इकोचा कागद हातात पडला की भोकाच्या आकड्यावर थांबू नका. त्याखाली काठांचे आकडे लिहिले आहेत का ते बघा. लिहिलेले नसतील तर तिथेच उभ्या राहून विचारा : काठ किती आहेत?